बुजवलेले झरोके : नॅरोबोटीवरचा एक हिवाळा

१३ डिसेंबर २०२२. पहाटे पावणेचारच्या सुमारास इंग्लंडमधल्या कालव्यावरच्या आमच्या राहत्या नॅरोबोटीत, म्हणजे लांबट अरुंद बोटीत, कार्बन मोनॉक्साइड या अर्धवट जळणातून निघणाऱ्या विषारी वायूचा अलार्म वाजू लागला. त्याच्या पडद्यावर ६८ हा आकडा होता. दहा मिनिटांनी आम्ही दोघं अंगावर गोधड्या घेऊन कालव्याच्या काठावर उभे होतो. पायवाटेवरचं गवत काचेसारखं कडकडत होतं, कालवा या काठापासून त्या काठापर्यंत गोठला होता आणि माझं डोकं ठणकत होतं. तीन दिवस सकाळी उठलं की ते असंच ठणकायचं. थंडीने होत असेल, असं मी धरून चालले होते.

बोटीवर राहणाऱ्यांना हिवाळ्याबद्दल विचारलं की लोकांचा पहिला प्रश्न थंडीचा असतो. आमच्या प्रकरणात थंडीचा भाग थोडा आहे. जास्त भाग ओलीचा आहे, आणि ओल काढायला मी जे केलं त्याचा. त्या रात्री जे घडलं त्याची सुरुवात चार दिवस आधी झाली होती, मी माझ्या हाताने बोटीचे झरोके बुजवले तेव्हा. मला ते करताना जराही शंका आली नव्हती.

बोट आणि आम्ही

आमची बोट ५७ फूट लांब आणि ६ फूट १० इंच रुंद आहे. मध्य इंग्लंडच्या कालव्यांवर अठराव्या शतकात बांधलेली लॉक, म्हणजे बोटीला पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारे दरवाजांचे हौद, जेमतेम ७ फूट रुंद आहेत, म्हणून बोटींची रुंदी आजही तेवढीच. ५७ फूट लांबी असली की देशातल्या जवळजवळ सगळ्या कालव्यांवर जाता येतं. तळाचं पोलाद १० मिलिमीटर जाड, बाजूंचं ६ आणि छताचं ४. आतून फवारलेला फोम आणि त्यावर प्लायवूड. पुढच्या टोकाला बसायची जागा, तिथेच कोळशा-लाकडावर चालणारी लोखंडी शेगडी. मग स्वयंपाकघर, न्हाणीघर, शेवटी झोपायची खोली आणि तिच्यामागे इंजिन. आगगाडीच्या डब्यासारखी रचना, एका टोकाला आग आणि दुसऱ्या टोकाला अंथरूण. हे अंतर पुढे महत्त्वाचं ठरलं.

बोट आम्ही २०२२ च्या जूनमध्ये विकत घेतली. मी मिल्टन कीन्समधल्या एका रुग्णालयाच्या रक्ततपासणी प्रयोगशाळेत काम करते. नवरा सॉफ्टवेअरचं काम घरून, म्हणजे आता बोटीवरून करतो. घरभाडं परवडेनासं झालं होतं हे खरं, पण निव्वळ तेवढ्यासाठी कोणी बोट घेत नाही. आम्हाला पाणी आवडायचं. मिल्टन कीन्समधून ग्रँड युनियन कालवा जातो. हा लंडन आणि बर्मिंगहॅम यांना जोडणारा १३७ मैलांचा कालवा, त्यावर १६६ लॉक. आमच्या भागात मात्र फेनी स्ट्रॅटफर्डपासून कॉसग्रोव्हपर्यंत सपाट पाणी आहे, एकही लॉक नाही. नव्याने बोट चालवणाऱ्याला याहून सोयीची जागा नाही.

आमच्याकडे बांधून ठेवायची कायमची जागा, म्हणजे मूरिंग, नव्हतं. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार अशा बोटीने खरोखरच प्रवास करत राहायचं असतं. एका ठिकाणी १४ दिवसांपेक्षा जास्त थांबायचं नाही, किंवा परिस्थिती पाहता रास्त असेल तितकंच जास्त. कालवा गोठणं ही तशी परिस्थिती समजली जाते. बर्फात अडकलात तर कालवे सांभाळणाऱ्या कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्टला कळवायचं. आम्ही कळवलं, आणि त्यात काही अडचण आली नाही.

आगोट

माझं माहेर चिपळूणजवळ. आमच्याकडे मे संपत आला की आगोटीची तयारी सुरू व्हायची: लाकडं पडवीत रचायची, मिरच्या-मसाले, सुकी मासळी, पापड डब्यांत भरून ठेवायचे, पावसाची झड येते त्या बाजूला नारळीच्या झावळ्यांची झापं बांधायची. एकदा पाऊस लागला की चार महिने ओल हाच शत्रू. मिठाला पाणी सुटतं, पापड मऊ पडतात, कपाटातल्या कपड्यांना कुबट वास येतो, चपलांवर हिरवी बुरशी धरते. लहान बाळाचे कपडे वाळवायला आई शेगडीवर वेताची टोपली पालथी घालायची आणि त्यावर दुपटी पसरायची. आणि दिवसातून दहादा सांगायची, खिडक्या लावून घ्या गो, ओल आत येते.

ऑक्टोबरमध्ये बोटीची आगोट केली तेव्हा मला फार आत्मविश्वास होता. कोळसा भरला. इंग्लंडमध्ये मे २०२१ पासून दुकानांत ओलं सरपण थोड्या प्रमाणात विकता येत नाही आणि साधा दगडी कोळसाही बंद होत चालला होता, म्हणून धूर न करणाऱ्या कोळशाच्या विटांच्या २५ किलोच्या पिशव्या घेतल्या. तेव्हा पिशवीला साधारण १५ ते २० पौंड पडायचे. इंजिनात गोठणरोधक घातलं. गॅसचे सिलिंडर प्रोपेनचे, लाल, कारण निळ्या सिलिंडरमधला ब्यूटेन शून्य अंशाच्या आसपास बाटलीतून बाहेरच येत नाही. संडासाच्या कॅसेट, म्हणजे मैला साठवायच्या काढता येणाऱ्या टाक्या, तीन ठेवल्या. या सगळ्यात काही चुकलं नाही. पुढच्या महिन्यात जे बिघडलं ते माझ्या यादीबाहेरचं होतं.

नोव्हेंबरमध्ये झोपायच्या खोलीत भिंतीला हात लावला की ओला व्हायचा. खिडक्यांच्या अॅल्युमिनियमच्या चौकटींवरून सकाळी पाणी ओघळायचं. एके दिवशी गादी उचलली तर खालच्या प्लायवर काळे ठिपके, आणि गादीची खालची बाजू थेट दमट. कपाटात लोकरी कोटाच्या खांद्यावर पांढरी बुरशी. त्या वासाने मी एकदम माहेरच्या माळ्यावर गेले. आणि माझ्या हातांनी जे शिकलं होतं तेच केलं: बाहेरची ओल आत येऊ द्यायची नाही.

बोटीच्या छतावर पितळी झरोके असतात. अळंब्यासारखे दिसतात म्हणून सगळे त्यांना मशरूम म्हणतात. आमच्या छतावर सहा होते. शिवाय पुढच्या आणि मागच्या दारांत खालच्या बाजूला जाळ्या. यांपैकी कशालाच बंद करायची सोय मुद्दाम ठेवलेली नसते. ७ डिसेंबरपासून कडाका सुरू झाला, रात्री शून्याच्या बऱ्याच खाली जाऊ लागल्या. झरोक्याखाली उभं राहिलं की डोक्यावर थंड हवेची धार पडायची, आणि बाहेर धुकं इतकं की हवाच ओली वाटायची. ९ तारखेला मी सहाही झरोके जुन्या मोज्यांनी आणि प्लास्टिकच्या पिशव्यांनी ठासून बंद केले. दारांच्या जाळ्यांवर फॉइल चिकटवली. त्या संध्याकाळी पुढची खोली २४ अंशांपर्यंत गेली. आईला व्हिडिओवर दाखवलं. ती म्हणाली, "बरं केलंस. आता ओल यायची नाही."

ओल दुप्पट झाली. म्हणून नवऱ्याने न्हाणीघरातला हवा बाहेर फेकणारा बारा व्होल्टचा पंखा रात्रभर चालू ठेवायला सुरुवात केली. तर्क सरळ होता, दमट हवा बाहेर काढायची. १२ तारखेच्या रात्रीही तो चालूच होता. आम्ही शेगडीत कोळसा भरला, सकाळपर्यंत टिकावा म्हणून हवेची झडप जवळजवळ मिटली आणि झोपलो.

त्या पहाटे

अलार्म आधीच्या मालकाने बसवलेला होता. राहण्याजोग्या खाजगी बोटींना तो एप्रिल २०१९ पासून बोट सेफ्टी स्कीममध्ये सक्तीचा झाला, दर चार वर्षांनी होणाऱ्या तपासणीत तो पाहिला जातो. आमचा पुढच्या खोलीत होता. झोपायच्या खोलीचं दार आम्ही ऊब टिकावी म्हणून लावून घ्यायचो. नवऱ्याला जाग आली ती केवळ त्याची झोप सावध असते म्हणून. हे वाक्य लिहिताना मला अजूनही बरं वाटत नाही.

या अलार्मचं मानक असं आहे: हवेत ५० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ५० भाग, वायू असेल तर तो ६० ते ९० मिनिटांत वाजतो, १०० ला १० ते ४० मिनिटांत, ३०० ला ३ मिनिटांच्या आत. म्हणजे ६८ वर वाजला तेव्हा तो वायू बराच वेळ खोलीत साचत असावा. मी रोज रक्त हाताळते. हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा कार्बन मोनॉक्साइडला २०० पटींहून घट्ट धरतं, हे मला पाठ आहे. तरी तीन सकाळच्या डोकेदुखीचा आणि त्या ज्ञानाचा संबंध माझ्या डोक्यात जुळला नव्हता. डोकेदुखी रुग्णाला होते, आपल्याला थंडी लागलेली असते, असंच वाटतं.

आम्ही पुढचं दार सताड उघडलं, मागचंही, आणि बाहेर आलो. शेजारच्या बोटीवर एक सत्तरीचे गृहस्थ राहतात. अलार्म ऐकून ते दिवा घेऊन आले, आम्हाला त्यांच्या बोटीत बसवलं, चहा दिला, आणि पहिला प्रश्न विचारला, "छताच्या झरोक्यांत काय कोंबलंय तुम्ही?" टॉर्चच्या उजेडात त्यांना मोज्याचं टोक दिसलं होतं. १११ ला, म्हणजे सरकारी आरोग्य-सल्ल्याच्या क्रमांकाला, फोन केला, त्यांनी तपासून घ्यायला सांगितलं. रक्तातलं प्रमाण तोवर उतरलं होतं; साध्या हवेत ते चार-पाच तासांत निम्म्यावर येतं. डोकं मात्र संध्याकाळपर्यंत जड होतं.

उदबत्ती

या गृहस्थांनी आयुष्यभर घरांतले बॉयलर दुरुस्त केले होते. दुपारी शेगडी पूर्ण विझून गार झाल्यावर ते आमच्या बोटीत आले आणि म्हणाले, धूर होईल असं काही आहे का? माझ्याकडे उदबत्ती होती. त्यांनी ती पेटवून शेगडीच्या उघड्या दारापाशी धरली. त्यानंतरच्या पंधरा मिनिटांत मी जे पाहिलं ते या प्रकरणाचं मर्म आहे, म्हणून सविस्तर सांगते.

पहिल्यांदा झरोके बुजवलेलेच ठेवले, दारं लावली, न्हाणीघरातला पंखा चालू केला. उदबत्तीचा धूर शेगडीत शिरण्याऐवजी सरळ खोलीत आला, लांब रेघेसारखा, आणि न्हाणीघराच्या दिशेने वाहू लागला. मग पंखा बंद केला. धूर जागच्या जागी रेंगाळला. मग मी मोजे उपसले, फॉइल फाडली. काही क्षण काही झालं नाही, मग धुराची रेघ वाकली आणि शेगडीच्या दारातून आत, धुराड्याकडे जाऊ लागली. शेवटी झरोके उघडे ठेवून पंखा चालू केला. धूर शेगडीतच जात राहिला.

त्यांनी एवढंच म्हटलं, "पंखा हवा बाहेर फेकतो. तेवढी हवा कुठून तरी आत यायला हवी. तुम्ही सगळे रस्ते बंद केलेत, एकच उरला." तो रस्ता म्हणजे धुराडं. तीन रात्री आमचा पंखा शेगडीचा धूर छताऐवजी खोलीत ओढत होता. झडप मिटलेली असल्याने कोळसा धुमसत होता, धुमसणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड जास्त निघतो, आणि गार पडलेल्या धुराड्याला वर ओढण्याचा जोर नव्हता. पुढे त्यांनी धुराड्यात ब्रश घातला तर काजळीचा जाड थर खाली आला. शेगडीच्या दाराभोवतीची अग्निरोधक दोरी कडक होऊन चपटी झाली होती; दारात कागद धरला तर सहज निघून यायचा. प्रत्येक दोष सुटा असता तर कदाचित चालून गेलं असतं. आमच्या बोटीवर त्या रात्री बुजवलेले झरोके, मिटलेली झडप, काजळी आणि चपटी दोरी असे चारही एकत्र होते, आणि वर पंखा. पण चारांत पहिला दोष कोणता, असं मला विचाराल तर मी मोजेच म्हणेन. बाकीचे तीन दोष झरोके उघडे होते तेव्हाही महिनाभर तिथेच होते आणि अलार्म गप्प होता.

आईला फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "अगं, पेटती शेगडी घेऊन बंद खोलीत निजू नये, हे का तुला शिकवायचं राहिलं?" राहिलं नव्हतं. मला ते पाठ होतं. बोटीतल्या काचेच्या दाराच्या, धुराडं असलेल्या त्या वस्तूला आम्ही रोज शेगडी म्हणत होतो, पण मनात ती हीटर होती.

ओल कुठून येत होती

हा भाग मी नंतर, आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र आणून समजून घेतला. कोकणात जुलैत बाहेरची हवा २६-२७ अंशांची आणि बाष्पाने जवळजवळ भरलेली असते. एका घनमीटरमध्ये २२-२३ ग्रॅम पाणी. ती हवा घरात आली की ओल वाढते. तिथे खिडकी लावणं शहाणपणाचं आहे. इंग्लंडमध्ये शून्य अंशाची हवा, धुक्याने ओथंबलेली का दिसेना, एका घनमीटरमध्ये ५ ग्रॅमपेक्षाही कमी पाणी धरू शकते. तीच हवा आत घेऊन २० अंशांवर तापवली की तिची आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली येते. बाहेरची ओली दिसणारी हवा आमच्यासाठी टॉवेलसारखी कोरडी होती, आणि तिला मी दाराबाहेर ठेवलं होतं.

ओल आम्हीच तयार करत होतो. दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि घामातून जवळजवळ पाऊण लिटर पाणी सोडतात. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते, हे मला रसायनशास्त्र शिकूनही कधी स्वयंपाकघराशी जोडून सुचलं नव्हतं. त्यात कुकरच्या शिट्ट्या, भाताची वाफ, आणि शनिवारी आत दोरीवर वाळत घातलेले कपडे, एका धुण्याचं दोन लिटर पाणी तरी. बोटीतली हवा सगळी मिळून पंचेचाळीस घनमीटरच्या आसपास. तेवढ्याशा हवेत हे सगळं पाणी.

यंत्राने दाखवलं ते असं. पुढच्या खोलीत २२ अंश आणि ५५ टक्के, म्हणजे अगदी छान वाटेल अशी हवा. पण ती हवा साडेबारा अंशांच्या पृष्ठभागाला लागली की पाणी सोडते. झोपायच्या खोलीची हवाच सकाळी १२ अंश असायची आणि गादीखालची प्लाय तिच्याहून गार. पुढच्या आगीने उबवलेली, आमच्या वाफेने भरलेली हवा मागे जाऊन आमच्याच गादीत निथळत होती. म्हणून पुढच्या खोलीत आम्हाला कधी ओल जाणवली नाही. मी बोटीला एक घर समजत होते. हवेच्या दृष्टीने ती एक लांब नळी आहे.

इथे थोडं मागे जाते. १८७७ आणि १८८४ चे कॅनॉल बोट्स कायदे जॉर्ज स्मिथ ऑफ कोलव्हिल या माणसाच्या चळवळीमुळे झाले. तेव्हा माल वाहणाऱ्या बोटींवर अख्खं कुटुंब मागच्या साधारण दहा फुटी केबिनमध्ये राहायचं: चूल, खाट, मुलं, सगळं. त्या कायद्यांनी बोटींची नोंदणी, केबिनमध्ये किती माणसं झोपू शकतात आणि हवा खेळण्याची सोय यांचे नियम आणले. पुढे आम्ही स्टोक ब्रुअर्नच्या कालवा संग्रहालयात तशी केबिन पाहिली. चुलीपासून दारापर्यंत माझी तीन पावलं. ती माणसं आमच्याहून कितीतरी दाटीने राहिली, पण त्यांची चूल झोपायच्या जागेतच होती आणि दाराची वरची फळी बहुधा उघडी असायची. आमच्यासारखी एका टोकाला ऊब आणि दुसऱ्या टोकाला गारठा अशी फारकत त्यांच्या केबिनमध्ये नव्हतीच.

गोठलेले दिवस

१३ नंतर बर्फ आणखी पाच-सहा दिवस राहिला. पातळ थर असता तर इंजिन लावून फोडून जाता आलं असतं, पण ते कोणी करत नाही. फुटलेल्या बर्फाच्या कडा धारदार असतात. पाण्याच्या रेषेवरचा काळा रंग खरवडला जातो, आणि जवळ फायबरची बोट बांधलेली असेल तर तिला भोक पडू शकतं. म्हणून आम्ही ग्रेट लिनफर्ड आणि वोल्व्हर्टनच्या मध्ये जिथे होतो तिथेच राहिलो. कोळसा, डिझेल, गॅस घेऊन कालव्यावर फिरणारी फ्युएल बोटही येऊ शकत नव्हती. थंडीच्या आठवड्यात आमची एक पिशवी कोळसा अडीच दिवसांत संपायची. ऑक्टोबरच्या बेगमीने इथे तारलं.

पाण्याची टाकी अर्धीच होती, कारण "उद्या भरू" म्हणत दोन दिवस गेले आणि मग काठचा नळच गोठला. अडीचशे लिटर आणि दोन माणसं. भांडी एका टोपात विसळायची, आंघोळ माझ्या रुग्णालयात. कॅसेट सायकलवर बांधून रिकामी करायला न्यायची, त्यावर अधिक लिहिण्यासारखं काही नाही.

विजेचं मात्र थोडं सांगते, कारण नवऱ्याची नोकरी तिच्यावर होती. छतावरचे सौर पॅनल उन्हाळ्यात दुपारपर्यंत बॅटऱ्या भरून टाकायचे; डिसेंबरमध्ये त्यांच्याकडून जवळजवळ काही येत नव्हतं, दिवस आठ तासांचाही नाही आणि सूर्य झाडांच्या वर येत नाही. मग रोज अडीच-तीन तास इंजिन. बहुतेक नॅरोबोटींचं इंजिन कालव्याचं पाणी आत ओढत नाही, पोलादी बाजूला जोडलेल्या टाकीतून स्वतःचं पाणी फिरवून गार होतं, म्हणून बर्फातही चालू ठेवता येतं. रात्री आठ ते सकाळी आठ इंजिन लावायचं नाही हा नियम. झरोके बुजवून पंखा रात्रभर चालवण्यात आम्ही बॅटऱ्याही पिळत होतो, हे नंतर कळलं.

१८ डिसेंबरच्या रविवारी हवा पालटली. छतावरून पाणी ठिबकायला लागलं आणि दुपारी बर्फात मोठे तडे गेल्याचे आवाज आले. शेजारचे गृहस्थ म्हणाले, १९६२-६३ चा हिवाळा त्यांना आठवतो. तेव्हा कालवे नाताळच्या दुसऱ्या दिवसापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत गोठले होते, भरलेल्या मालबोटी जागच्या जागी अडकल्या, गिऱ्हाइकांनी माल रस्त्याने नेला तो परत आलाच नाही, आणि त्याच वर्षी ब्रिटिश वॉटरवेजने आपल्या बहुतेक मालवाहू नॅरोबोटी बंद केल्या. आमचे दहा दिवस त्यापुढे काहीच नव्हते.

त्या हिवाळ्यात सरकारने घरटी ४०० पौंडांची वीजबिल मदत दिली होती. ती मीटरमार्फत यायची. मीटर नसलेल्यांसाठी नंतर वेगळी योजना निघाली, पण तिलाही पक्का पत्ता लागायचा. फिरत्या बोटीवरच्या म्हाताऱ्या माणसांना, ज्यांचा कोळशावरचा खर्च त्याच वर्षी वाढला होता, यातून काही मिळालं नाही. आम्ही दोघं कमावते आहोत, आमचं निभलं. शेजारच्या गृहस्थांकडे पाहून मला ते फार लागलं.

काय बदललं

झरोके उघडेच राहिले, हे सांगायला नको. शेगडीच्या दाराची दोरी बदलली, धुराड्याच्या सांध्याला अग्निसिमेंट भरलं, छतावरचं धुराडं दुहेरी भिंतीचं आणि उंच घेतलं, म्हणजे ते गार पडत नाही आणि ओढ टिकते. दुसरा अलार्म उशापाशी लावला. झोपायच्या खोलीचं दार रात्री उघडं असतं. शेगडीवर तिच्याच उष्णतेवर फिरणारा छोटा पंखा ठेवला, तो ऊब मागे ढकलतो. गादीखाली लाकडी पट्ट्यांची जाळी टाकली, खालून हवा खेळावी म्हणून. कपडे आता लाँड्रीत वाळवून आणतो.

स्वयंपाकात एक बदल मला विशेष आवडला. हिवाळ्यात वरण आता गॅसवर कुकरमध्ये लावत नाही. जड बुडाचं पातेलं झाकण ठेवून शेगडीवर चढवते, दीड-दोन तासांत डाळ मऊ होते. कोळशाच्या जळणाची वाफ धुराड्यातून जाते, खोलीत येत नाही, आणि प्रोपेन वाचतो. आई म्हणते, चुलीवरच्या वरणाची चव येत असेल. येते.

फेब्रुवारीत यंत्र पुढे २० अंश आणि ४५ टक्के दाखवत होतं, मागे १५ अंश आणि ६० टक्के. पूर्वी २४ अंशांत आम्हाला थंडी वाजायची कारण अंथरूण ओलं होतं. आता २० मध्ये वाजत नव्हती. कोळसा मात्र वाढला नाही, उलट महिन्याला एखादी पिशवी कमी लागू लागली. गरम केलेली हवा बाहेर जाते आणि तरी कोळसा कमी, हे मला आधी पटेना. झडप मिटून धुमसवण्यापेक्षा नीट पेटलेली छोटी आग कोळशाचा जास्त उपयोग करते, हे एक कारण असावं. दमट भिंती सुकवण्यात वाया जाणारी ऊब वाचली, हे दुसरं.

एक जागा मात्र सुकली नाही. डाव्या बाजूला, उशीच्या वर, तळहाताएवढा डाग रोज सकाळी ओला असायचा, बाकी भिंत कोरडी असताना. आम्ही तिथे पाणी झिरपतंय का पाहिलं, खिडकीच्या कडा सिलिकॉनने भरल्या, काही फरक नाही. जूनमध्ये शेजारच्या गृहस्थांना बोलावून प्लायची ती पट्टी उघडली. आत सगळीकडे पिवळट फोम होता आणि त्या एका ठिकाणी नव्हता. कोणीतरी कधीकाळी दिव्याची तार ओढायला तो कापला होता आणि तसाच सोडला होता. उघडं पोलाद, त्यावर पातळ तांबूस गंज. त्यांनी ब्रशने गंज काढला, मी रंगाचा हात दिला, आणि नवऱ्याने डबीतला फोम फवारला. तो फुगून पट्टीच्या बाहेर आला, सुकल्यावर सुरीने कापून सपाट केला.

ऑक्टोबरमध्ये पुन्हा आगोट केली. पाण्याची टाकी या वेळी यादीत पहिली होती.